तीनदा म्हणण्याची रीत

पेट्रोल पंपावर दुर्गेशने पाठीत थाप मारून अभिनंदन केलं, तेव्हा पीयूष डोंगरवारला आधी वाटलं, पोरीचा कुठल्यातरी स्पर्धेत नंबर आला असावा. ‘‘मुबारक हो इंजिनियर साहब, छूट गये आप,’’ दुर्गेश म्हणाला. हा दुर्गेश म्हणजे नाल्या-पुलांची कामं घेणारा ठेकेदार, गोंदियातल्या कुठल्याही कचेरीत ज्याच्यासाठी न सांगता चहा येतो असा माणूस. ‘‘कशातून सुटलो?’’ पीयूषने विचारलं. ‘‘अरे वही, आपका भिवटोलावाला मॅटर. पाणकर मान गया ना! बोल रहा है, पानी मैंने ही छोड़ा. अब आपको कौन हाथ लगाता है?’’ चौकशी आज दुपारी होती, सडक अर्जुनीच्या पुढे, भिवटोल्याच्या समाजमंदिरात. चौकशी करणाऱ्या मॅडम अजून बंगल्यावर नाश्ता करत असतील, आणि इथे पंपावर निकाल जाहीर होऊन मोकळा झाला होता. ‘मान गया’ हे शब्द कानावर पडताच छातीतलं काहीतरी सैल पडलं होतं, चक्क हायसं वाटलं होतं, आणि आपल्याला हायसं वाटलं याचीच त्याला किळस आली होती. दुर्गेशला मात्र त्याने हसून थँक यू म्हटलं. नोकरीत इतकी वर्षं काढल्यावर हसू आणि थँक यू आपोआप येतात, त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही.

गोरेगाव सोडलं तसं दोन्ही अंगांनी पिकलेलं धान लागलं. कापणीच्या बाया वाकलेल्या होत्या, कोणी मान वर करून गाडीकडे बघत नव्हतं, आणि तेवढंही त्याला बरं वाटलं. हल्ली कोणी आपल्याकडे बघितलं की त्याचा उजवा कान गरम व्हायचा. त्याच कानाला त्या रविवारी फोन लावलेला होता. ऑगस्टमधला रविवार, झड लागलेली, घरात कोंबडी शिजलेली, आणि नुकतं ताट वाढलेलं. पहिला फोन आला तो तालुक्यातले पुढारी गोवर्धनभाऊ यांचा. भाऊंचं कॉलेज भिवटोल्याच्या तलावाच्या पोटात बांधलेलं आहे. पोटात म्हणजे, तलाव काठोकाठ भरला की पाणी जिथवर यायचं तिथे. ही गोष्ट तालुक्यात शेंबड्या पोरालाही माहीत होती, पीयूषच्या पाटबंधारे खात्याला तर फारच चांगली माहीत होती. पण भाऊंच्या इमारतीला कागदावर पाणी लागत नसे, आणि खातं कागदावर चालतं. त्या दिवशी भाऊंचा वाढदिवस होता. मंडप, सायकल वाटप, भजी, गाणी. ‘‘साहेब, पानी मंडपात घुसून रायलं! साउंडवाल्याचे डब्बे भिजून रायले. लवकर खाली करा बाप्पा,’’ भाऊ ओरडत होते आणि मागे कोणीतरी माइकवर हॅलो हॅलो करत होतं. पीयूषने उष्ट्या हाताने दुसरा फोन लावला, तो केवळरामला. केवळराम हा भिवटोल्याचा पाणकर, म्हणजे तलावाचं पाणी शेतांना सोडणारा माणूस. बाप-आज्यापासून ते काम त्यांच्या घरात. खात्याने त्याला रोजंदारीवर घेतलं होतं एवढंच. तलावाचं दार उघडायच्या आधी त्याने नाल्याच्या काठाकाठाने रपट्यापर्यंत थाळी वाजवत जायचं, माणसं-जनावरं बाजूला करायची आणि मग परत येऊन चाक फिरवायचं, ही तिथली पद्धत. ‘‘थाळी वाजवून येतो सायेब, मंग उघडतो. रपट्यावरून मानसं जाऊन रायली,’’ केवळराम म्हणाला. ‘‘अरे थाळी-बिळी राहू दे. आधी दार उघड. पूर्ण उघड. भाऊ खोळंबलेत तिकडे,’’ पीयूष म्हणाला. एवढंच बोलणं झालं. मग तो जेवला. रस्सा चांगला झाला होता हेही त्याला आठवतं, आणि हे आठवणं त्याला अजून माफ करता आलेलं नाही.

रीता नावाची आशा सेविका बाळंतिणीला बघून परत येत होती. रपटा म्हणजे काय, नाल्यावरचा ठेंगणा पूल; घोट्याएवढं पाणी असलं की गावचं माणूस चप्पल हातात घेऊन सहज पार होतं. ती अर्ध्यात असताना वरून लोंढा आला. दुसऱ्या दिवशी खालच्या बांबूच्या बेटात सापडली, खांद्याला पिशवी तशीच अडकलेली. पीयूष तिथे गेला होता. लोक दोन्ही बाजूंनी सरकून त्याला वाट देत होते, साहेब आले, साहेब आले, आणि तिचा नवरा रोशन उकिडवा बसून ओल्या मातीत बोट फिरवत होता. पुढे पोलीस आले, पेपरवाले आले, आणि खात्याने खुलासा मागितला. पीयूषने खुलासा दिला. आपण पाणकराला फोन केला होता हे खरं आहे, परंतु तो पाऊस पाहता सतर्क राहण्याची सूचना देण्यासाठी केला होता. एका वाक्याचा खुलासा. त्यात एकही शब्द शिवराळ नव्हता, कोणावर आरोप नव्हता, वरिष्ठांनी मसुदा वाचून ‘चांगला झालाय’ म्हटलं होतं. फोनवर काय बोललं गेलं हे दोनच माणसांना ठाऊक होतं, आणि त्यातल्या दुसऱ्या माणसाचं बोलणं कोण ऐकणार होतं? आज मॅडम त्या दुसऱ्या माणसाचं ऐकणार होत्या. तो ‘मीच सोडलं’ म्हणाला की त्याच्यावर निष्काळजीपणाने जीव घेतल्याचा गुन्हा लागणार होता, आणि साठीच्या वयात कोर्टाच्या पायऱ्या, कदाचित जेल. साहेबांनी सांगितलं म्हणून सोडलं, थाळीही साहेबांनी वाजवू दिली नाही, असं म्हणाला तर ते सगळं पीयूषच्या अंगावर येणार होतं. सकाळी निघताना बायको चंदा दारात उभी होती. ‘‘पोरीचं दहावीचं वर्ष आहे,’’ ती म्हणाली, ‘‘तुम्ही सस्पेंड झालात तर ती शाळेत तोंड कशी दाखवेल, एवढं डोक्यात ठेवा.’’ ती काही वाईट बाई नव्हती. रीता गेली त्या दिवशी तिनेही घास खाल्ला नव्हता. पण रीता तिच्यासाठी परकी होती आणि पोरगी पोटची होती, आणि हा साधा हिशेब डोक्यात घेऊनच पीयूष घरातून निघाला होता.

मुरदोलीचं जंगल लागलं, मोबाइलची रेंज गेली आणि गाडीत एकदम शांतता झाली. अशा वेळी त्याला नागपूरचं प्रशिक्षण आठवायचं. तो मुद्दाम आठवायचा नाही, ते आपोआप यायचं, दातात अडकलेल्या काडीकडे जीभ जाते तसं. मागच्या वर्षी खात्याने ‘प्रशासनातील नीतिमूल्ये’ ह्या विषयावर वर्ग ठेवला होता. थंडगार हॉल, मऊ खुर्च्या, दुपारी जिलेबी. शिकवणारे गृहस्थ पुण्याकडचे होते. उत्तरदायित्व म्हणजे काय, कोणी आपल्या अनुभवातलं उदाहरण द्याल का, असं त्यांनी विचारलं, आणि सगळे खाली बघत असताना पीयूषने हात वर केला. तो तलाव बांधणाऱ्या कोहळ्यांच्या घरातला. त्याने आपल्याकडच्या पाच-सहा गावांतली रीत सांगितली. पाण्यावरून बखेडा झाला, कोणाचं शेत वाळलं किंवा बुडालं, की तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, बैठक बसते आणि पाणकराला विचारतात, पाणी कोणी सोडलं? पाणकराने कोणाचं नाव घ्यायचं नाही. तो रोज सगळ्यांच्या बांधावरून फिरणारा. एकदा का त्याच्या तोंडून नाव निघालं की गावात वैर पेटतं आणि उद्या त्याच्यावर कोणी भरवसा ठेवत नाही. म्हणून त्याने म्हणायचं, मीच सोडलो. पुन्हा विचारतात, पुन्हा तेच. असं तीनदा. आणि तीनदा म्हणून होईपर्यंत, ज्याच्या सांगण्यावरून पाणी सुटलं त्याने आपणहून उठून उभं राहायचं आणि म्हणायचं, माझ्या सांगण्यावरून. तो उठला की पाणकर मोकळा. मग जी काय बोलणी खायची ती उठलेल्याने खायची. त्या पुण्याच्या गृहस्थांचा चेहरा खुलला होता. ‘‘आणि कोणी उठलंच नाही तर?’’ मागच्या रांगेतून कोणीतरी विचारलं. पीयूष हसला होता. ‘‘असं होत नाही सर,’’ तो म्हणाला होता. टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांचा व्हिडिओ कोणीतरी खात्याच्या ग्रुपवर टाकला, आणि चंदाने तो माहेरी पाठवला.

शिवाय त्याने त्यात आपल्या बापाला घातलं होतं. माझे वडील परसराम डोंगरवार असेच ताठ मानेने उठले होते, मी लहान होतो, मी डोळ्यांनी पाहिलंय. पाहिलं होतं हे खरं, ताठ मान मात्र त्याने नागपुरात पदरची घातली होती. बाप कसा उठला ते त्याला चांगलं ठाऊक होतं. त्या साली बापाने आपल्या शेतातलं धानाचं रोवणं साधायला पाणकराला गळ घालून पाणी आपल्याकडे वळवून घेतलं होतं, आणि तलावापासून लांब असलेल्यांची परी, म्हणजे धानाची कोवळी रोपं, वाळली होती. पाळीवर बैठक बसली. म्हातारा पाणकर पहिल्यांदा म्हणाला, मीच सोडलो. बाप खाली बघत बसला. म्हाताऱ्याने दुपट्टा सोडला, झटकला, पुन्हा बांधला. मग दुसऱ्यांदा म्हणाला. बाप तरी उठेना. म्हाताऱ्याला खोकला आला. खोकून झाल्यावर त्याने पाणी मागितलं, सावकाश प्यायला, मिशा पुसल्या, आभाळाकडे बघितलं. सगळी बैठक थांबली होती, आणि लहान पीयूषला कळत होतं की हा सगळा वेळ बापासाठी चालला आहे, म्हातारा त्याला वेळ काढून देतो आहे. तिसऱ्यांदा म्हणायला तोंड उघडल्यावर बाप उठला. आवाज इतका बारीक की लोकांना दुसऱ्यांदा म्हणायला लावावं लागलं. मग जो काही शिव्यांचा पाऊस पडला! घरी आल्यावर आई रडत होती, ‘‘कायले उठले तुमी? कोनाले मालूम होतं?’’ बाप पाय धूत होता. ‘‘नाई उठलो असतो त उद्या त्याच्या तोंडाकडे पाहून पानी कसा मांगलो असतो?’’ एवढंच तो म्हणाला. त्यात तत्त्व वगैरे काही नव्हतं. बापाला उद्या पुन्हा त्याच माणसाकडे जायचं होतं, आणि पीयूषला उद्या कुठेही बदली मागता येत होती.

कोहमारा मागे पडलं, ट्रक आणि ढाब्यांची गर्दी सरली, आणि भिवटोल्याचा फाटा आला. समाजमंदिरासमोर गाडी लावताना बाकावर बसलेली रुख्मा उठली. केवळरामची बायको, कधी साहेबांसमोर तोंड न उघडणारी, आज सरळ गाडीच्या दारापाशी आली. ‘‘सायेब,’’ ती म्हणाली, ‘‘आमचा मानूस नाव नाई घेनार. मी लय सांगलो, सरकारी काम हाय, तिथं आपली रीत कोन पायते, सांगून टाक. त म्हनते, सायेब आपल्यातले हायेत, कोहळ्याचे हायेत, त्याइले मालूम हाय. तुमी उठाल ना?’’ पीयूषचा उजवा कान तापला. ‘‘सगळं नीट होईल बाई,’’ तो म्हणाला. नीट म्हणजे कोणाचं नीट, हे तिने विचारलं नाही. तिने हात जोडले आणि तो आत गेला. त्या क्षणी, आत जाताना, त्याने खरोखर ठरवलं होतं की उठायचं. हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं. चपला काढता काढता त्याने वाक्यसुद्धा जुळवलं होतं, आणि ते जुळवताना एक सुखाची लहर अंगातून गेली होती. उठल्यानंतर लोक आपल्याकडे कसे बघतील हे त्याला दिसलं होतं. कदाचित तिथेच घात झाला. जो माणूस उठण्याआधीच उठल्याचं सुख घेऊन मोकळा होतो, त्याच्या पायांत मग फारसं काही उरत नाही.

आत गाव दाटून बसलं होतं. पुढे टेबल, टेबलामागे मॅडम, बाजूला कारकून, आणि पीयूषला मॅडमच्या उजव्या हाताला खुर्ची. मॅडम कोल्हापूरकडच्या, तरुण, कामाला चोख. कोणाच्या फोनला भीक न घालणाऱ्या अशी त्यांची ख्याती होती. निकाल आधीच ठरलाय हे दुर्गेशला ठाऊक होतं, त्यांना ठाऊक नव्हतं. केवळराम समोर उभा राहिला. धुतलेला सदरा, गालात तंबाखू. तसा तो काही देवमाणूस नव्हता. कामावर उशिरा यायचा, तोंडाळ होता, पाळीवरच्या बाभळी चोरून विकतो असंही लोक म्हणत. ‘‘घाबरू नका,’’ मॅडम म्हणाल्या, ‘‘जे असेल ते सांगा. त्या दिवशी पाणी कोणी सोडलं?’’ केवळरामने सभेवरून नजर फिरवली, पीयूषवर मात्र आणली नाही. ‘‘मीच सोडलो बाई.’’ समाजमंदिरात एकदम सामसूम झाली. ही सामसूम मॅडमना कळण्यासारखी नव्हती. त्यांना वाटलं असेल, लोक दचकले. पीयूषला ती अंगभर कळली. गाव वाट बघत होतं.

‘‘कोणी सांगितलं म्हणून सोडलं का? एखाद्या अधिकाऱ्याने, पुढाऱ्याने? मी इथे आहे, तुम्हाला कोणी काही करणार नाही,’’ मॅडम म्हणाल्या. असं खरंच कोणी विचारत नाही. त्या विचारत होत्या, मनापासून, पुन्हा पुन्हा, आणि पीयूषला त्यांचा राग आला. केवळरामने उपरण्याने मान पुसली. खिडकीपाशी जाऊन बाहेर तंबाखू थुंकून आला. घसा साफ केला. ‘‘मीच सोडलो,’’ तो म्हणाला. पीयूषने गुडघ्यांवर हात ठेवले. उठणं म्हणजे काय, पाय सरळ करायचे. उठ, तो स्वतःला म्हणाला, आणि त्याच क्षणाला त्याला पोरगी शाळेच्या फाटकातून आत जाताना दिसली, मग भाऊंचा चेहरा, मग खुलाशातलं ते एक वाक्य, आणि ह्या सगळ्यांच्या मागे रश्श्याचं ताट. बाप उठला तेव्हा बापाला हे दिसलं नसेल का? बापालाही दिसलं असेल. केवळरामने पाणी मागितलं. कोणीतरी तांब्या आणून दिला. तो घोट घोट प्यायला, तांब्या परत दिला, सदऱ्याची बाही सारखी केली. पहिल्या रांगेत रोशन बसला होता, रीताचा नवरा, आणि तो केवळरामकडे बघतच नव्हता. तो पीयूषकडे बघत होता. सगळी पहिली रांग पीयूषकडे बघत होती. ‘‘आजोबा, शेवटचं विचारते,’’ मॅडम म्हणाल्या, ‘‘पाणी कोणाच्या सांगण्यावरून सोडलं?’’

बाहेर मळणीचं यंत्र चालू होतं, ते बंद पडलं, पुन्हा सुरू झालं. मग केवळराम म्हणाला, ‘‘मीच सोडलो.’’

पीयूषची खुर्ची करकरली. त्याने ती हलवली होती हे त्याला आवाजानंतर कळलं. मॅडमनी वळून पाहिलं. ‘‘डोंगरवार, तुम्ही इकडचेच ना? मला जरा समजावून सांगा. हे तीन-तीनदा तेच का म्हणतायत? ह्यात इकडचं काही आहे का?’’ सगळं गाव पुढे झुकलं. इतकी सोपी वाट कोणाला मिळत नाही. उठायचीसुद्धा गरज नव्हती, बसल्या बसल्या ‘आहे’ एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. नागपुरात हीच गोष्ट सांगून त्याने टाळ्या घेतल्या होत्या. ‘‘काही नाही मॅडम,’’ पीयूष म्हणाला, ‘‘तो कबूल करतोय.’’ कारकुनाने ते लिहून घेतलं. तेवढ्यात रोशन उठला, हात जोडून म्हणाला, ‘‘बाई, अखीन एकडाव विचारा ना त्याले.’’ मॅडमना त्याची दया आली असावी. ‘‘तीनदा विचारलं दादा,’’ त्या हळू आवाजात म्हणाल्या, ‘‘त्यांनी स्वतःच सांगितलंय.’’ रोशन उभाच राहिला. मग शेजारच्याने त्याचा सदरा ओढून त्याला खाली बसवलं.

बाहेर आल्यावर लोकांनी पीयूषला वाट दिली, त्या दिवशी दिली होती तशीच. ह्या वेळी कोणी साहेब आले म्हटलं नाही. रुख्मा बाकावर बसली होती, तिने मान वर केली नाही. तो गाडीचं दार उघडत असताना केवळराम मागून घाईघाईने आला. आता हा शिव्या घालणार, पीयूषला वाटलं, आणि घालाव्यात असंही वाटलं; चार लोकांत दोन कानफटात बसल्या असत्या तर रात्री झोप तरी आली असती. पण केवळरामच्या चेहऱ्यावर राग नव्हता. चूक झालेल्या माणसासारखा तो कसनुसा हसत होता. ‘‘सायेब, तुमी उठून रायले होते ना?’’ तो हळूच म्हणाला. ‘‘मी आयकलो, खुर्ची वाजली तुमची. माझंच चुकलं. तिसऱ्या डावाले अखीन थांबाले पायजे होतं, मी घाई केलो. बाईकडं पाहून घाबरलो ना. तुमाले उठाले वेळच नाई भेटला.’’

तो वाट बघत होता. त्याला खरंच उत्तर हवं होतं. ते घेऊन त्याला बाकावर बसलेल्या बायकोकडे जायचं होतं.

‘‘हो,’’ पीयूष म्हणाला, ‘‘जरा घाईच केली तुम्ही.’’

केवळरामने मान हलवली, दोनदा हलवली, आणि सुटल्यासारखा रुख्माकडे सांगायला गेला.